पायरी ओळखून

शंभर कार्डं, सगळ्यात स्वस्त कागदावर,
असं म्हणत ओतिलिया कार्कामो
काउंटरवर नाणी मांडत गेली,
तळव्याला ठोकायचे खिळे मोजावेत तशी.

मी नमुने काढले. सोनेरी काठाचे,
गोल कोपऱ्यांचे, बुटाचं चित्र असलेले.
छापखानेवाल्याला वाटतं, दुसऱ्याचा धंदा
आपल्याला जास्त कळतो. मलाही वाटायचं.
ती म्हणाली, चित्र नको,
बूट कसा दिसतो ते वालपारायसोत सगळ्यांना ठाऊक आहे.
एवढंच लिहा:

या जिन्याला ....... पायऱ्या आहेत.
तुमच्या टाचांना विचारा.
ओतिलिया, जोडे दुरुस्ती. अगदी खाली, निळं दार.

आकड्याची जागा मोकळी ठेवा, म्हणाली.
अजून मोजायच्या आहेत.

टेकडीवर जाणारा डबा अकरा महिने बंद होता.
त्याची तार काढून नेली होती, ती कुणी परत आणत नव्हतं.
सगळी टेकडी पायांवर आली होती:
बटाट्यांची पोती, गॅसची टाकी, शाळेतली पोरं,
एकदा तर एक पियानो, चार माणसं आणि भरपूर शिव्या.

दुकान बंद करून ती मोजायला निघायची.
आकडा शाईनं भरायची, कार्ड कठड्याच्या भेगेत,
पावाच्या पिशवीत, झोपलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यात.
दोन मला गटारात सापडली. मी ती वाळवून ठेवली,
तिला दाखवायला. दाखवली नाहीत.

पंधरा दिवसांत परत आली. आणखी शंभर.
ही मधल्या वळणासाठी, जिथं लोक दम खायला थांबतात:

अर्धं झालं. डावा जास्त झिजलाय ना?

मला वाटायचं, धंदा म्हणजे
दुसऱ्यांच्या दारात आपले जोडे झिजवणं.
इथं लोक स्वतःचे झिजवून हिच्या दारात,
तेही भांडायला!
एकशे बासष्ट नाहीत, म्हणे, एकशे साठ.
खाटकानं औषधवाल्याशी पैज लावली.
पोरं खडूनं आकडे लिहीत वरपर्यंत गेली.
ती म्हणायची, बसा. जोडा काढा. आता बोला.
त्यांचं बोलणं संपेपर्यंत
टाच बसलेली असायची.

मग एक कार्ड पाकिटातून आलं.
आकडा खोडून, थरथरत्या पेन्सिलीनं:
एकशे त्रेसष्ट. तळची डांबराखाली गेली.
मीच बसवली होती. हेर्मोहेनेस, गवंडी.
नऊ वर्षं खाली उतरलो नाही.

भर दुपारी तिनं निळं दार लावलं
आणि हातोडी एप्रनमध्ये खोचून चढत गेली.
वर काय झालं ते सगळं सांगितलं नाही.
खाटेखाली जोडे होते, म्हणाली,
वर बोटभर धूळ, आणि तळ कोरे करकरीत.
शिवायला काहीच नव्हतं.
म्हणून नुसती पॉलिश केली. दोनदा.

पैसे घेतलेस का, मी विचारलं.
तिनं असं पाहिलं
की मी उगाच शाईचा डबा शोधू लागलो.
माणसानं आपली पायरी ओळखून राहावं म्हणतात.
मी ती रोज तुडवत होतो,
डांबराखाली, न मोजता.

तिसऱ्या खेपेला आकडा छापून घेतला, एकशे त्रेसष्ट,
आणि मागच्या बाजूला एक ओळ, बारीक टाइपात:
उतरता येत नसेल तर हे कार्ड कुणाच्याही हाती खाली पाठवा.

माझी स्वतःची कार्डं सोनेरी काठाची आहेत.
पाचशे. खोका अजून फोडलेला नाही.

त्या छपाईचे मी तिच्याकडून पूर्ण पैसे घेतले.
तिनंही माझ्या डाव्या टाचेचे
पूर्ण घेतले.